गावकऱ्यांनी मोजलेलं पाणी हिशेबात धरायचं की नाही?

कृष्णाकाठ
सातारा-सांगलीत पाणी मोजणारे हात वाढलेत. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. अटल भूजल योजना डिसेंबर 2019 मध्ये सुरू झाली, राज्यातल्या तिच्या 13 जिल्ह्यांत आपले दोन्ही आहेत. तिच्यामुळं पूर्व भागातल्या गावांत विहिरीची पातळी आणि पाऊस नोंदवून पाण्याचे ताळेबंद मांडले गेले. नदीकाठी कॉलेजची पोरं पीएच मीटर घेऊन उतरतात. पण निर्णयाची वेळ आली की हे सगळे आकडे ‘अधिकृत नाहीत’ म्हणून बाजूला सारले जातात.

माझं मत स्पष्ट आहे. हे आकडे धरायला हवेत. नदीवर सरकारी नमुना एका ठिकाणी साधारण महिन्यातून एकदा घेतला जातो, म्हणजे वर्षातले बारा क्षण. साखर कारखान्याच्या मळीचं पाणी आणि शहराचं सांडपाणी तारीख बघून येत नाही. उन्हाळ्यात कोयनेचा विसर्ग कमी, बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले, पाणी जागच्या जागी उभं. अशात दोन रात्रींत मासे तरंगायला लागतात आणि नमुना घेणारा पोचेपर्यंत पाणी बदललेलं असतं.

म्हणून आठ ठिकाणं सुचवतो: माहुली संगम, कराडचा प्रीतिसंगम, भिलवडी, सांगलीत शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरी नाल्याच्या वर आणि खाली, हरिपूर, अंकली, म्हैसाळ. दर रविवारी सकाळी पाच मापं: तापमान, पाण्याची पारदर्शकता, पीएच, विद्युतवाहकता (तिच्यावरून पाण्यातले क्षार कळतात) आणि विरघळलेला ऑक्सिजन. जाणकारांनी विरोध जरूर करावा, पण नुसतं ‘अचूक नाही’ एवढ्यावर सोडू नये. किती चुकतं आणि कशानं चुकतं ते सांगा.

बीओडी_बाटली
विरोध करतो, आणि सुरुवात ऑक्सिजनपासून करतो. नदीची तब्येत त्यावरूनच कळते, पण या पाचांत सगळ्यात जास्त चुकणारं मापही तेच.

ऑक्सिजन रसायनं घालून मोजायची विंकलर पद्धत नीट केली तर महागड्या मीटरपेक्षा भरवशाची आहे. ‘नीट’मध्ये काय काय येतं ते बघा. 300 मिलीची, घासलेल्या काचेच्या बुचाची बाटली लागते. ती बादलीत बुडवून भरायची नाही. रबरी नळी बाटलीच्या तळाला टेकवून भरायची आणि दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वरून वाहू द्यायचं, म्हणजे हवा लागलेलं पाणी निघून जातं. एक बुडबुडा अडकला तरी तो बाहेरचा ऑक्सिजन आत सोडतो. मग मँगनीज सल्फेट 2 मिली, अल्कली-आयोडाइड-अझाइड 2 मिली, दोन्ही वेळा पिपेटचं टोक पाण्याखाली. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी गाळ पडला तर ऑक्सिजन आहे, गाळ पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. गाळ खाली बसला की 2 मिली संहत गंधकाम्ल. गाळ विरघळतो, पाणी सोनेरी होतं. त्यातलं 203 मिली घेऊन 0.025 नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबानं सोडायचं. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचा, पाणी निळं होतं, आणि निळा रंग पहिल्यांदा जातो तिथं थांबायचं. जितके मिली लागले तितके मिलीग्रॅम प्रति लिटर.

निळा रंग थोड्या वेळानं परत डोकावतो. तो घालवायला पुन्हा थेंब टाकले की आकडा फुगला. थायोसल्फेटचं द्रावण उन्हात, अर्ध्या बाटलीत काही आठवडे राहिलं की त्याची ताकद उतरते. ताकद उतरली की जास्त मिली लागतात, म्हणजे घाण पाण्यातही ऑक्सिजन जास्त दिसतो. ही चूक नेमकी धोका झाकणारी आहे. आणि संहत गंधकाम्ल कॉलेजच्या पोरांच्या हातात, ओल्या घाटाच्या पायरीवर द्यायला माझा साफ नकार आहे.

दुसरं म्हणजे ‘रविवारी सकाळी’ म्हणजे किती वाजता? हिरव्या, शेवाळलेल्या पाण्यात ऑक्सिजन उजाडताना तळाला असतो आणि दुपारी तीनच्या सुमाराला शिखरावर. 28 अंशाच्या पाण्यात, सांगलीच्या साडेपाचशे मीटर उंचीवर, संपृक्त ऑक्सिजन, म्हणजे हवेतून पाण्यात मावेल तेवढा, 7.3 मिलीग्रॅमच्या आसपास येतो. दुपारी कुणी 10 किंवा 11 नोंदवला तर ती नदीची सुधारणा नव्हे, ते शेवाळ आहे, आणि त्याच जागी पहाटे 2 मिळू शकतो. एका ठिकाणी सात वाजता आणि दुसऱ्या ठिकाणी अकरा वाजता मोजून ‘वर घाण, खाली स्वच्छ’ असा निष्कर्ष काढला तर सगळी मेहनत पाण्यात.

कायद्याचंही ध्यानात घ्या. जल अधिनियम 1974 च्या कलम 21 प्रमाणं, सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसानं नोटीस देऊन, दोन भाग करून, सील लावून घेतला नसेल तर त्याचा निकाल न्यायालयात पुरावा धरत नाहीत. मग दर रविवारच्या त्या आकड्यांनी कारखान्याचं काय वाकडं होणार?

वारणा_संगम
न्यायालयात चालत नाही म्हणून मोजायचंच नाही, हे पटत नाही. याच कायद्याचं कलम 49 वाचा. 60 दिवसांची नोटीस देऊन कुठलीही व्यक्ती न्यायालयात तक्रार करू शकते, आणि तक्रार केल्यावर मंडळाकडचे संबंधित अहवाल मागू शकते. पण कोणत्या दिवसाचा, कोणत्या ठिकाणचा अहवाल मागायचा हे गावाला ठाऊक कसं होणार? काठावरची वही असेल तरच. वही शिक्षा देणार नाही, पण सीलबंद नमुना कधी आणि कुठं घ्यावा हे तीच सांगेल.

इंग्लंडमध्ये नदीवरचे स्वयंसेवक नेमकं हेच करतात. प्रवाहात तीन मिनिटं पायानं तळ ढवळून जाळीत येणारे किडे मोजतात, आठ गटांना गुण देतात. गुण ठरलेल्या इशारा पातळीखाली गेले की सरकारी यंत्रणेला कळवतात, आणि पुढचा तपास तिनं करायचा. कुणी स्वयंसेवकाला साक्षीला बोलवत नाही.

बेसाल्ट
किड्यांची पद्धत उत्तम आहे, पण जागा बघून. जावळी-पाटणच्या खडकाळ ओढ्यात तळ ढवळता येतो, सांगलीत बंधाऱ्यामागं दोन पुरुष पाणी आणि खाली गाळ. तिथं पाय कुठं ठेवणार? शिवाय तिकडचे गुण इकडं जसेच्या तसे लावता येत नाहीत. आपल्याकडं जून ते सप्टेंबर प्रवाह सगळं धुऊन नेतो, मे महिन्यात ओढाच आटतो. त्या वेळी किडे कमी दिसले तर ते प्रदूषण की ऋतू, हे ओळखायला आपल्याच ओढ्याची दोन-तीन वर्षांची नोंद आधी हवी.

शेरी नाल्याबद्दलही एक. नाल्याचं पाणी नदीला मिळालं की लगेच मिसळत नाही, संथ पाण्यात बरंच अंतर एकाच काठाला धरून वाहतं. ‘खालचा’ नमुना त्याच काठावरून घेतला तर भयंकर, समोरच्या काठावरून घेतला तर ठणठणीत. दोन्ही काठ आणि मध्य, असे तीन नमुने हवेत. मध्याचा नमुना पुलावरून, दोरीच्या बादलीनं, पृष्ठभागाखाली फूटभर. तरंगणारा फेस आणि पालापाचोळा बादलीत येता कामा नये.

माणदेशी_विहीर
नदीवरून सगळी चर्चा चाललीय. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ इथं बारमाही नदीच नाही, इथला जीव विहिरीत आहे. आणि विहिरीच्या बाबतीत स्वयंसेवकाला तोड नाही, हे तज्ज्ञांनीही मान्य करावं. भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. मधल्या काळात काय होतं? सप्टेंबरात परतीचा पाऊस किती मुरला, रब्बीची पेरणी करावी की नाही, हे ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठरवायचं असतं. पंधरवड्याला मोजणारा गावातलाच माणूस हवा.

साधन काय लागतं? शेवटाला वजन बांधलेली स्टीलची टेप आणि खडू. टेपच्या शेवटच्या मीटरला खडू फासायचा, टेप सोडायची, 12 मीटरची खूण कठड्यावरच्या खुणेला धरायची, टेप वर ओढायची. खडू 0.43 मीटरपर्यंत ओला झाला असेल तर पाणी खुणेपासून 11.57 मीटरवर. कठडा जमिनीपासून 0.80 मीटर उंच असेल तर जमिनीपासून पातळी 10.77. झालं. नायलॉनची दोरी आणि दगड वापरू नका, ओली दोरी वजनानं ताणते आणि दर वेळी वेगळी ताणते.

बेसाल्ट
पद्धत अगदी बरोबर सांगितलीत, आणि पंधरवड्याच्या नोंदीचं महत्त्वही कबूल. पण आकडा बिघडतो तो टेपनं नव्हे, मोटारीनं. विहिरीची स्थिर पातळी हवी असेल तर उपसा थांबून निदान बारा तास जायला हवेत. शेतीपंपाची थ्री फेज लाईट एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी सातला मोजलेली पातळी रात्रभर उपसलेल्या विहिरीची असते. पुढची नोंद दिवसपाळीच्या आठवड्यात पडली की तीच विहीर दोन मीटर ‘वर’ येते आणि गाव म्हणतं पाणी वाढलं.

आपल्या खडकात आणखी एक खोच आहे. काळ्या कठीण थरात पाझर हळू असतो, उन्हाळ्यात बारा तासांतही विहीर भरून येत नाही. म्हणून पातळीच्या शेजारी ‘मोटार कधी बंद केली’ आणि ‘शेजारची विहीर चालू होती का’ हे दोन रकाने लिहिलेच पाहिजेत. ते नसतील तर माझ्या लेखी त्या नोंदी भिंतीवर रंगवायला ठीक, पीक ठरवायला नाहीत.

आणि बोअर त्यात मिसळू नका. साठ मीटरच्या बोअरमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या थरांचं पाणी एकत्र येतं. उघडी विहीर वरच्या थराचं सांगते, बोअर खालच्यांचं. दोघांची सरासरी काढली तर ती कुठल्याच पाण्याची नसते.

माणदेशी_विहीर
मोटारीचा रकाना मान्य. तो छापील तक्त्यात आधीच असता तर लोकांनी भरलाच असता. तक्ता वरून तयार होऊन येतो, त्यात रकाना नसतो, आणि मग दोष भरणाऱ्याचा. कठड्यावर ऑइलपेंटनं बाणाची खूण करा हेही सांगितलं जात नाही. कठडा एका बाजूला खचलेला असतो, आज पूर्वेकडून टेप सोडली, परवा पश्चिमेकडून, झाला पंधरा सेंटीमीटरचा फरक.

ओटी_टेस्ट
नदी झाली, विहीर झाली, आता नळाकडं या. रोज पोटात जातं ते हे पाणी. गावात जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि ओटी टेस्ट करतो, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून बघतो. हजार लिटरला 5 ग्रॅम हा हिशेब सगळ्यांना पाठ आहे. पण तो 33 टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरीला धरला तर लिटरला 1.65 मिलीग्रॅम देतो, आणि 20 टक्क्यांवर उतरलेल्या पावडरीला 1 मिलीग्रॅम. पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं राहिलेलं पोतं महिनाभरात किती उतरतं ते वासावरून कळत नाही. त्यात टाकी गाळानं भरली असेल तर तो 1 मिलीग्रॅम टाकीतच खर्च होतो आणि शेवटच्या नळाला 0.2 सुद्धा राहत नाही. म्हणून टेस्ट टाकीशेजारच्या नळावर करून उपयोग नाही, वस्तीच्या टोकाच्या नळावर करायची, तीही टीसीएल टाकल्यावर अर्ध्या तासाच्या आत नको.

ओटीचा पिवळा रंग लगेच, दहा सेकंदांच्या आत वाचायचा. नळी बाजूला ठेवून पाच मिनिटांनी बघितली तर बांधलेला (दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेला, ताकद कमी झालेला) क्लोरीनही रंग देतो आणि नुसत्या आकड्यावर पाणी सुरक्षित वाटतं.

किटमधला नायट्रेटही असाच फसवतो. काही किटचा रंगतक्ता नायट्रेटमध्ये असतो, काहींचा नायट्रेट-नायट्रोजनमध्ये. दोघांत 4.43 पटीचा फरक आहे. पिण्याच्या पाण्याची मर्यादा 45 मिलीग्रॅम ही नायट्रेटची. नायट्रोजनच्या तक्त्यावर 12 आले की ताई खूश होतात, ‘45 च्या किती खाली!’ प्रत्यक्षात ते 53 होतात. वाळवा, पलूस, मिरजच्या ऊसपट्ट्यात युरियाचा मारा बघता ही चूक लहान मुलांच्या अंगावर येऊ शकते. तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एकक लिहिलेलं असतं, ते मार्करनं मोठं करून झाकणावर लिहा.

आता तज्ज्ञांना एक विचारते. या चुका प्रशिक्षणात अर्ध्या तासात सांगता येतात. प्रशिक्षण एक दिवसाचं, त्यात निम्मा वेळ स्वागत आणि फोटोत. रसायनं संपली की नवी कधी येतात याचा पत्ता नाही. जंतू तपासायच्या बाटलीत नमुना काळा आला म्हणून कळवलं तर पुढं काय झालं हे त्या बाईला कुणी सांगत नाही. बिनपगारी काम करून घ्यायचं, आकडा वर न्यायचा, खाली काहीच उत्तर द्यायचं नाही. मग सहा महिन्यांनी ती किट न उघडता तक्ता भरते. तो खोटा आकडा तिच्या नावावर टाकून मोकळं होणं बरोबर नाही.

बीओडी_बाटली
ताई, हे खरं आहे आणि याला माझ्याकडं बचाव नाही. उत्तर न देणाऱ्या यंत्रणेला खरा आकडा मिळत नाही.

‘नमुना काळा आला’ एवढ्यावर मात्र थोडं सांगायला हवं. जंतू तपासायच्या त्या एचटूएस बाटलीत 24 ते 48 तासांत पाणी काळं झालं तर मैल्याचा संशय पक्का धरून पाणी थांबवायचं, हे बरोबर. काळं झालं नाही म्हणून मात्र पाणी शुद्ध ठरत नाही. माणच्या थंडीत बाटली ओट्यावर ठेवली तर जंतू वाढतच नाहीत. उबदार जागी, कापडात गुंडाळून ठेवा. आणि ओटीला रंग येणाऱ्या पाण्याची एचटूएस करायची असेल तर बाटलीत आधी थायोसल्फेट असायला हवं. नाहीतर क्लोरीन बाटलीतही जंतू मारत राहतो.

कृष्णाकाठ
आक्षेप वाचून माझा प्रस्ताव बदलतो. ऑक्सिजन ठेवतो, पण काठावर फक्त पहिली दोन रसायनं, तीही हातमोजे आणि चष्मा घालून. तपकिरी गाळ पडलेली बाटली बूच घट्ट करून, अंधारात, बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी प्रयोगशाळेत. आम्ल आणि टायट्रेशन तिथं. वेळ सूर्योदयापासून एका तासात, आठही ठिकाणी एकच. ठिकाणं आठच, पण शेरी नाल्याखाली तीन नमुने.

वाहकता मोजायच्या टीडीएस पेनवर (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) मात्र मी ठाम आहे. स्वस्त आहे आणि ऊसपट्ट्यातल्या क्षारपड जमिनीसाठी त्याच्याइतकं कामाचं काही नाही. फक्त त्यावरचा टीडीएस न लिहिता विद्युतवाहकता लिहायची. एक कंपनी 0.5 नं गुणते, दुसरी 0.7 नं. वाहकता 1000 असेल तर एकाचं पेन 500 दाखवणार, दुसऱ्याचं 700, आणि भांडण आपल्यात. दर रविवारी निघण्याआधी पेन 1413 मायक्रोसीमेन्सच्या पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून जे येईल ते वहीत आधी लिहायचं. फरक पाच टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर त्या दिवशी ते पेन घरी.

बीओडी_बाटली
असं केलंत तर वाहकता आणि तापमान मी डोळे झाकून धरेन. पीएच धरेन, जर इलेक्ट्रोड पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवलेला असेल आणि दोन बफरवर, म्हणजे पीएच ठाऊक असलेल्या द्रावणांवर, लावून घेतला असेल. ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवलेला इलेक्ट्रोड आळसावतो, आकडा स्थिर व्हायला मिनिटं लागतात आणि माणूस पहिला दिसला तो लिहून टाकतो.

ऑक्सिजनसाठी अट आहे. तीन महिन्यांतून एकदा एकाच बादलीतून दोन बाटल्या भरायच्या, एक तुमची, एक प्रयोगशाळेच्या माणसानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली. फरक अर्ध्या मिलीग्रॅमच्या आत असेल तर तुमचे मधले सगळे रविवार मान्य. जास्त असेल तर त्या तिमाहीचा ऑक्सिजन वहीतून काढायचा नाही, खोडायचा नाही, शेजारी ‘संशयित’ लिहायचं.

बीओडी (घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात ते), जड धातू आणि जंतूंची संख्या हे प्रयोगशाळेकडंच राहू द्या. यावर तडजोड नाही.

वारणा_संगम
मग आकडे लोकांसमोर कधी आणायचे? तिमाही पडताळणीपर्यंत थांबायचं असेल तर मार्चमध्ये मासे मरतील आणि पडताळणी एप्रिलमध्ये. ऑक्सिजन 4 च्या खाली गेला की माशांना त्रास सुरू होतो. दोन लागोपाठ बाटल्या 3 च्या खाली आल्या तर त्याच सकाळी घाटावर फलक लागलाच पाहिजे. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात 2015 मध्ये लोकांनी घरोघरी नळाच्या बाटल्या भरल्या, तपासल्या विद्यापीठानं, आणि शिसं निघालं. तिथं सरकारी यंत्रणा आपलेच आकडे धरून बसली होती. बाटली लोकांची आणि यंत्र प्रयोगशाळेचं, ही जोडी चालते. पण निकाल दाबून ठेवला असता तर?

बेसाल्ट
फलक लावा, पण त्यावर कारखान्याचं नाव घालू नका. ऑक्सिजन कमी झाला एवढंच बाटली सांगते, कुणामुळं ते सांगत नाही. धरणातून विसर्ग थांबला, बरगे घातले, तळाचं कुजकं पाणी वर आलं, शहराचं सांडपाणी आलं, मळी आली; पाचही कारणांनी हाच आकडा येतो. त्याच सकाळी नाल्याच्या वरचा आकडा 6 आणि खालचा 2 असेल, वाहकताही उडी मारून वर गेली असेल, तर बोट दाखवायला जागा आहे. तेव्हाही आधी सीलबंद नमुन्याची मागणी, मग नाव.

वारणा_संगम
सीलबंद नमुना चार दिवसांनी घेतला जातो, तोवर पाणी म्हैसाळच्या पुढं गेलेलं असतं. नाव न घेण्याची किंमत खालची गावं मोजतात. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

ओटी_टेस्ट
एकमत होईपर्यंत थांबू नका. पहिल्या रविवारच्या आधी एवढं करा: बफर आणि रसायनांच्या बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहा, थायोसल्फेट काळ्या कागदात गुंडाळा, आणि वहीत ‘मोजणाऱ्याचं नाव’ या रकान्याशेजारी ‘मोजणाऱ्याला उत्तर कधी दिलं’ असा आणखी एक रकाना आखा. तो रिकामा राहिला तर कुणाकडून राहिला हेही त्याच वहीत दिसेल.